सापडत नाही

शब्द घरात आणला तो लेकीने. कॉलेजातून आली ती तणतणतच. पिशवी खुर्चीवर, चपला दोन दिशांना आणि फोन आईच्या नाकासमोर. एका मैत्रिणीने तिच्या फोटोखाली लिहिलं होतं, 'किती मस्त दिसतेयस. असं काही घालायला खरंच हिंमत लागते.'

थोरली, म्हणजे तिची आई, वाटाणे सोलत होती. तिने कपाळावरचा चष्मा नाकावर आणला आणि दोनदा वाचलं. तिला त्यात बोट ठेवायला जागा दिसेना. मस्त म्हटलंय, हिंमतवाली म्हटलंय. एवढं तर तिला तिच्या लग्नातही कुणी म्हटलं नव्हतं.

"आई, शेड दिलीय तिने मला," लेक म्हणाली.

शेड म्हणजे सावली, एवढं इंग्रजी थोरलीला येत होतं. कुणी सावली दिली तर त्यात बिघडलं काय, असं तिने विचारल्यावर लेकीने कपाळाला हात लावला आणि कच्चे वाटाणे तोंडात टाकत तिची शिकवणी घेतली. हल्ली ह्या शब्दाचा अर्थ निराळा. वाईट बोलायचंच नाही. गोड बोलायचं, हसून बोलायचं, पण असं की ऐकणाऱ्याच्या नखात काहीतरी शिरून बसावं. आणि तो विचारायला आला तर डोळे मोठे करून म्हणायचं, मी कुठे काय बोलले.

ह्याला आम्ही टोमणा म्हणतो, असं थोरलीने सांगितलं. लेकीला ते पटेना. टोमणा मारला की तो मारला हे चारचौघांना कळतं. मग शालजोडीतले म्हण, थोरलीने सुचवलं. लेकीने आणखी चार वाटाणे तोंडात टाकले.

"शालजोडीतल्यात जोडा तरी असतो, आई. शेडमध्ये नुसती शाल. जोडा आपला आपण शोधत बसायचं."

एवढं बोलून ती आंघोळीला निघून गेली आणि पाचव्या मिनिटाला गाणं म्हणायला लागली. तिच्या अंगातला शब्द निघाला होता. तो थोरलीच्या अंगात शिरला.

थोरलीचं रफूचं दुकान होतं. दुकान म्हणजे जिन्याखालची अरुंद खोली. एक खिडकी, एक लांब टेबल, इस्त्री, दोन स्टुलं आणि भिंतीला धाग्यांची फळी. त्या फळीवर एकट्या करड्या रंगाचीच रिळं इतकी, की बाहेरच्याला वाटावं ह्या बायांना दुसरा रंग ठाऊकच नाही. एका स्टुलावर थोरली बसायची, दुसऱ्यावर धाकटी. धाकटी म्हणजे तिची जाऊ, दिराची बायको. दीर गेला, त्यानंतर एक दिवस थोरलीने तिला हाताला धरून आणलं, त्या स्टुलावर बसवलं, हातात सुई दिली आणि सांगितलं की रडायचं तर रड, पण टाके सरळ पडू देत. धाकटी रडली आणि टाकेही सरळ पडले. तेव्हापासून दोघींचं बस्तान तिथेच.

रफूच्या कामात एक अडचण असते. आपण केलेलं रफू आपल्याला कायम दिसतं, कारण भोक कुठे होतं हे आपल्याला ठाऊक असतं. म्हणून ह्या दोघींनी आपला एक नियम केला होता. गिऱ्हाईक कपडा घेऊन आलं की जी तो हातात घेईल, तिनेच रफू करायचं. दुसरीने तेवढा वेळ भिंतीकडे तोंड करून बसायचं, म्हणजे भोक तिच्या नजरेला पडायला नको. नव्या गिऱ्हाइकाला वाटायचं, बाई रुसलेली दिसते. शिवणीच्या आत शिंप्याने माया ठेवलेली असते, ते जास्तीचं कापड. त्यातूनच धागे ओढून काढायचे, उभे आडवे विणून भोक भरायचं, वरून ओलं फडकं टाकून इस्त्री फिरवायची. मग तो कपडा दुसरीच्या हाती. तिने खिडकीशी जाऊन रफू शोधायचं. सापडलं तर काही न बोलता त्यावर बोट ठेवायचं आणि पहिलीने मुकाट्याने उसवायला घ्यायचं. नाही सापडलं तर म्हणायचं, "सापडत नाही." बस. ह्या दोन शब्दांपलीकडे त्या खोलीत कौतुक नव्हतं आणि कधी लागलंही नव्हतं.

धाकटीची नजर तर घारीची. बँकेतल्या साहेबांची एक पँट तिने थोरलीला तीनदा उसवायला लावली होती. थोरलीने दिवसभर तिच्या माहेरचा उद्धार केला आणि दुपारी आपल्या डब्यातला अर्धा डबा तिच्या पुढ्यात सरकवला.

असं सगळं होतं, आणि हल्ली ते तसं राहिलं नव्हतं. हे थोरलीला जाणवत होतं, फक्त त्याला नाव नव्हतं. लेकीने नाव आणून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरलीने वकीलणबाईंचा कसरीने खाल्लेला कोट पुरा केला आणि धाकटीपुढे ठेवला. धाकटीने तो उचलला, खिडकीशी नेला, उलटासुलटा केला, चेहऱ्याजवळ धरला आणि लगेच परत दिला.

"सापडत नाही, ताई. तुमचा हात म्हणजे हात आहे."

पहिले दोन शब्द ठीक होते. पुढच्या पाचांची काय गरज होती? थोरलीने कोटाची घडी घातली, पण मनाची घडी काही नीट बसेना. इतक्या वर्षांत हिने कधी माझ्या हाताचं नाव काढलं नाही. आता दर कपड्याला काढते. आणि शोधते तरी कुठे? पूर्वी एका बाहीला अर्धा चहा गार होईपर्यंत वेळ लावायची. आता उचलला, फिरवला, कमाल आहे ताई, झालं. जणू म्हणायचंय, तुमचं काम काय बघायचं, जसं असेल तसं जाऊ द्या.

नुसती शाल, थोरलीच्या मनात आलं. जोडा शोध.

शोधायला बसलं की जोडे ढिगाने सापडतात. खिडकीजवळचं स्टूल मुळात थोरलीचं. धाकटीने ते थंडी सुरू व्हायच्या सुमारास गोड बोलून बळकावलं होतं. तेव्हा ती म्हणाली होती, "तुम्हाला काय ताई, तुम्ही अंधारातही कराल." त्या वेळी थोरली हसली होती. आता ते हसू तिला आठवलं आणि स्वतःचाच राग आला. उजेड गेला तो गेला, वर हसलो आपण.

मग ते केसांचं. थोरलीने आयुष्यात पहिल्यांदा केस रंगवून घेतले होते. लेकीने हट्टच धरला होता. त्या संध्याकाळी धाकटी समोरून रस्त्याने आली आणि सरळ पुढे निघून गेली. हाक नाही, मान हलवणं नाही. दुसऱ्या दिवशी दुकानात विचारलं तर म्हणते कशी, अगबाई, तुम्ही होतात का, ओळखूच आला नाहीत. रंग चांगला बसलाय, नाही बसला, काही नाही. ओळखूच आला नाहीत. थोरलीने घरी येऊन आरशात पाहिलं होतं तेव्हा तिला तो रंग बरा वाटला होता. आता पाहिलं तर ती बूटपॉलिश लावलेली बाई दिसायला लागली.

आणि सुया. रोज सकाळी धाकटी घरून सुया ओवूनच आणायची. उशीवर टोचलेल्या, लांब धागे लोंबणाऱ्या, एखाद्या वरातीसारख्या. थोरली आपली दर वेळी चष्मा सावरत, धाग्याचं टोक जिभेने ओलं करत सुईशी झगडणार आणि शेजारी ही तयार सुई उचलून कामाला लागणार. काही बोलायची नाही. बोलायची गरजच काय?

सगळ्यात लागलं ते वेगळंच. धाकटी आता रफू घेईचना. कपडा घेऊन कुणी दारात दिसलं की तीच आधी भिंतीकडे तोंड करायची. आपण बटणं लावायची, चेन बदलायची, पँटच्या खालची दुमड घालायची आणि जिकिरीचं काम थोरलीच्या गळ्यात. कारण काय, तर ताईंच्या हाताला तोड नाही. कौतुक करून करून हिने मला जुंपलंय, थोरलीने हिशोब मांडला. मी बैल आणि ही माझ्या शिंगांना रंग लावतेय.

दुसरी एखादी बाई असती तर सरळ विचारून मोकळी झाली असती. पण शेडची हीच तर खोड होती. विचारायचं काय? तू माझं कौतुक का करतेस? असं विचारणारी बाईच वेडी ठरणार. धाकटी डोळे मोठे करून म्हणणार, मी कुठे काय बोलले.

आणि विचारून टाकायचं असतं तरी आता वेळ थोडा होता. चौकातल्या लॉन्ड्रीवाल्याने थोरलीला बोलावलं होतं. त्याच्याकडे मोठमोठ्या हॉटेलांचे कपडे येत होते आणि रफूला माणूस नव्हतं. काचेचं दुकान, वर चांगला दिवा, बसायला पाठीची खुर्ची. तुम्ही एकट्याच या, असं त्याने दोनदा सांगितलं होतं आणि शनिवारपर्यंत काय ते कळवायला सांगितलं होतं. थोरलीने हे धाकटीला सांगितलं नव्हतं. सांगायचं असं काही तिच्या मनातही नव्हतं, कारण ती नाहीच म्हणणार होती. तिने हात काढून घेतला तर जिन्याखालच्या खोलीला कुलूप लागणार होतं, आणि धाकटीला त्या स्टुलाशिवाय दुसरं काय होतं? नुसत्या बटणांवर कुणाचं दुकान चालत नाही.

पण आता ती नाही म्हणायचं लांबणीवर टाकत होती. रोज थोडं थोडं.

लेकीला तिने आडून विचारलं. समजा एखादी बाई रोज चांगलंच बोलते, रोज, तर ती शेड असते का? लेक फोनमधून मान वर न काढता म्हणाली की ते ती बाई कोण, त्यावर आहे. काकूसारखी असेल तर नाही. थोरलीने ते उडवून लावलं. पोरीला काकू नेहमीच गोड. पोरीला काय कळतंय.

नवऱ्याशी बोलून काही उपयोग नव्हता. त्याला कुणी तोंडावर गाढव म्हटलं तरी तो इकडेतिकडे गाढव शोधायचा.

शेवटी शुक्रवारी सकाळी तिने ठरवलं, पुरावा काढायचा. नवऱ्याचा जुना राखाडी कोट तिने कपाटातून काढला. ह्याच कोटाच्या खिशाखाली मागे कधी खिळा लागून फाटलं होतं आणि तिने ते भरलं होतं. ते इतकं सुरेख जमलं होतं की तिला स्वतःलाही आता बोट फिरवून शोधावं लागत होतं. त्यावरही धाकटी सापडत नाही म्हणाली होती, पण तिथे ते खरंच होतं. दुकानात येऊन तिने कोट आडवा टाकला आणि कोपरावर कात्रीने एक भोक पाडलं. चांगल्या कपड्याला मुद्दाम कात्री लावताना तिचा हात थबकला, पण लावली.

रफू वाईट करायचं होतं. म्हणजे शिकाऊ पोरीनेही तोंडावर फेकावं इतकं वाईट. तिने दात-ओठ खाऊन धागे वेडेवाकडे घालायला घेतले, पण हात ऐकेना. ती धागा तिरका घाली, बोटं तो सरळ करून घेत. दोनदा उसवलं, तिसऱ्यांदा पुन्हा तेच, चोख, सपाट वीण. तेव्हा ती रिळांच्या फळीपाशी गेली आणि विटकरी रंगाचा धागा काढला. राखाडी कोटावर विटकरी ठिगळ. रस्त्याच्या पलीकडून दिसलं असतं.

धाकटी आली तेव्हा थोरली इस्त्री फिरवत होती. ह्यांचा कोट घरून आणलाय, एवढंच तिने सांगितलं आणि तो पुढे केला. धाकटीने तो खिडकीशी नेला. बाहेर स्वच्छ ऊन होतं. तिने पाठ पाहिली, कॉलर पाहिली, बाह्या उलगडल्या, बोटं फिरवली. विटकरी चौकोन तिच्या अंगठ्याखालून गेला, पुन्हा वर आला, उन्हात चमकला. मनातल्या मनात थोरली जावेला म्हणत होती, ठेव बोट, अगं ठेव की, काय केलंय हे म्हणून अंगावर फेक माझ्या.

"सापडत नाही, ताई," धाकटी म्हणाली. "कमालच केलीत."

थोरलीने कोट घेतला. तिच्या कानांत गरम वाफ गेल्यासारखं झालं. आता पुरावा हातात होता. इतका निलाजरा खोटेपणा, तोही हसत, तोही ढळढळीत उजेडात. म्हणजे हिला माझं काम बघायचंही नाही, मला मूर्ख समजते आणि मी मूर्ख आहे हे मला कळावं, अशीही हिची इच्छा आहे. उद्याचा शनिवार कशाला, आजच लॉन्ड्रीवाल्याला होकार देऊन यायचं. पण जाण्याआधी तिने मनाशी ठरवून ठेवलेले सगळे कडक शब्द आयत्या वेळी तिला कच्चे वाटले. हिच्या नाण्यात हिची परतफेड करायची. ती अगदी मऊ आवाजात, हसून म्हणाली,

"तुझी नजर म्हणजे नजर आहे हो, धाकटे. अशी नजर कुणाची शोधून सापडायची नाही."

तिच्या आयुष्यातली ही पहिलीच शेड. मनासारखी बसली असं तिला वाटलं, कारण धाकटीचा चेहरा उतरला. हातातली बटणाची पेटी तिने टेबलावर ठेवायला घेतली ती टेबलाच्या कडेच्या अलीकडेच सोडली. बटणं सगळ्या खोलीभर झाली. धाकटी ती उचलायला वाकली नाही.

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणी कशाला सांगायला हवं," थोरली म्हणाली. चोर सापडल्याचा आनंद तिच्या जिभेवर आला होता. "मला काय दिसत नाही? कधीपासून चाललंय हे?"

"थंडीच्या आधीपासून. आधी डावा, मग उजवा."

थोरलीला वाटलं, आपल्या ऐकण्यात काही चूक झाली. डावा काय, उजवा काय? तिने जावेकडे पाहिलं. धाकटी तिच्याकडेच बघत होती, पण जरा बाजूला, कानाच्या पलीकडे कुठेतरी. असं बघणं हल्ली तिने कितीदा पाहिलं होतं आणि दर वेळी त्याला तोरा म्हटलं होतं.

तिने कोटाची बाही धाकटीपुढे धरली आणि कोपरावर काय आहे ते सांग म्हटलं. धाकटीने बाही हातात घेतली. मान खाली, आणखी खाली, नाक कापडाला टेकेपर्यंत. मग तिने वर पाहिलं.

"काय आहे, ताई?"

थोरली खाली बसली. स्टुलावर नाही, फरशीवरच, बटणांत. धाकटी बोलत होती आणि तिला तुकडे तुकडे ऐकू येत होते. डोळ्यांपुढे दुधाचा पापुद्रा आल्यासारखं होतं. चष्मेवाल्याकडे जाऊन आले, तो म्हणाला काच बदलून भागणार नाही, मोठ्या डॉक्टरांकडे जा. गेले नाही. सुया शेजारची मुलगी शाळेत जाताना ओवून देते. रस्त्यात माणसं आवाजावरून ओळखते, आणि तुम्ही त्या दिवशी बोलला नाहीत, तुम्हीच नाही हाक मारलीत. खिडकीजवळ बसलं की बटणाची भोकं तरी लागतात. रफूचा धागा लागत नाही.

थोरलीच्या मनातले जोडे एकेक करून गळून पडले. उजेडाचा, केसांचा, सुयांचा. प्रत्येक वाक्य होतं तसंच होतं, वर शाल नव्हती आणि आत काही नव्हतं. तिला हलकं वाटायला हवं होतं. तसं वाटलंही, घोटभर पाणी पिण्याइतका वेळ. मग तिला एक गोष्ट सुचली आणि ती आधीच्या सगळ्यांपेक्षा जास्त झोंबली.

"म्हणजे तू माझं काम बघितलंच नाहीस. हात म्हणजे हात आहे, कमाल आहे, हे सगळं न बघता."

धाकटीने खोटं सांगितलं नाही.

"पूर्वी बघितलेलं आठवत होतं, त्यावरून म्हणत होते," ती म्हणाली. "आणि थोडं लोणीही लावत होते. लॉन्ड्रीवाल्याच्या बायकोने मला सांगितलं होतं. तुम्ही जाणार आहात ना?"

"जाणार होते," थोरली म्हणाली. "आत्ता, ह्या घटकेला निघणारच होते."

मग डोळ्यांचं सांगितलं का नाहीस, हे तिने ओरडूनच विचारलं. धाकटीला ओरडण्याचं काही वाटलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही थांबलाच असतात, ती म्हणाली, मला ठाऊक आहे. पण कीव करून थांबला असतात. शेजारी बसून रोज तुमची कीव ऐकायची, त्यापेक्षा बटणं बरी.

ह्यावर थोरलीने जे सुरू केलं त्यात शाल अजिबात नव्हती. आंधळे, मूर्खे, गाढवीण, असं करत ती धाकटीच्या माहेरापर्यंत गेली, तिथून चष्मेवाल्याकडे आली आणि पुन्हा धाकटीवर. किती लोकांचे कपडे असेच बाहेर गेले असतील, आणि मी कसली शिवणारीण की मला दिसू नये शेजारचं माणूस भिंती चाचपत चाललंय. बोलता बोलता ती रांगत बटणं गोळा करत होती. धाकटी आधी रडली, मग शिव्या ऐकता ऐकता हसायला लागली आणि म्हणाली की बऱ्याच दिवसांत कानाला बरं वाटलं.

दुकान भरदुपारी बंद झालं. धाकटीचा दंड धरून थोरली चौकातून निघाली तेव्हा लॉन्ड्रीवाला काचेच्या दारात उभा होता. उद्याचं काय ठरलं, त्याने विचारलं. थोरली चालता चालताच नाही म्हणाली. कारण विचारलं तर तिने सांगितलं की तिच्या कामात चूक काढणारं माणूस त्याच्याकडे नाही.

डॉक्टरांनी मोतीबिंदू पिकल्याचं सांगितलं. साखरही तपासायला हवी होती, तीही वाढलेली निघाली. एवढ्या लवकर कसा काय, असं थोरलीने त्यांना दरडावून विचारलं, जणू तो त्यांनीच आणून ठेवला होता. ते शांतपणे म्हणाले, होतो कधीकधी, आणि दोन्ही डोळे नीट होतील.

त्या रात्री जेवताना थोरलीने लेकीला विचारलं, शेड देणारीला आपण देतोय हे ठाऊकच नसेल तर? लेक म्हणाली, मग ती शेड नाहीच. मग ते नुसतं बोलणं.

"एवढं आधी सांगायला काय झालं होतं तुला," थोरली म्हणाली, आणि लेकीला आपलं काय चुकलं ते कळेना.

धाकटी दुकानात परत आली तेव्हा एका डोळ्याचं झालं होतं, दुसरा व्हायचा होता. काळा चष्मा लावून ती खिडकीजवळच्या स्टुलावर बसली. ते स्टूल थोरलीने मागितलं नाही. धाकटीने चष्मा काढला, पापण्या मिटून उघडल्या, फळीवरच्या रिळांकडे बघत राहिली. करड्या रंगाचे इतके प्रकार असतात हे मी विसरलेच होते, असं म्हणाली. मग थोरलीच्या केसांकडे पाहून म्हणाली की रंग गडद झालाय, पुढच्या वेळी एवढा गडद नको. थोरलीला ते लागलं आणि बरंही वाटलं.

खुंटीला तो राखाडी कोट होता. नवऱ्याने तो मधल्या काळात विटकरी ठिगळासकट घातला होता आणि कुणी काही बोललं नाही असं सांगितलं होतं. धाकटीने तो खाली ओढला. कोपर दिसताच तिचं बोट तिथे पडलं.

"हे झाडूने केलंत का?"

थोरली खो खो हसली. इतकी, की बाहेरून जाणाऱ्या वकीलणबाई दारात डोकावून गेल्या. पण धाकटी हसत नव्हती. ती कोट घेऊन खिडकीशी गेली होती. पाठ पाहिली, कॉलर पाहिली, अस्तर उलटलं. थोरलीचा चहा अर्धा गार झाला. मग धाकटीचं बोट खिशाखाली आलं, पुढे गेलं, मागे फिरलं आणि थांबलं.

ते थोरलीचं सगळ्यात सुरेख रफू होतं. जे तिला स्वतःलाही सापडत नव्हतं. थोरली म्हणाली, छे, तिथे काही नाही, ती कापडाचीच गाठ आहे, तुझा डोळा अजून ओला आहे. धाकटीचं बोट हललं नाही.

थोरली उठली, कोट घेतला आणि उन्हात धरला. बराच वेळ धरला. उभ्या धाग्यांतला एक, फक्त एकच, वीण चुकवून खालून गेला होता.

तिने कात्री घेतली, चष्मा सावरला आणि उसवायला बसली.